वीस मिलिमीटरचा टायर आणि तुमच्या धंद्याचा शब्द



या वेळच्या व्हिडिओचा विषय होता ‘छोटं प्रॉडक्ट, पक्कं गिऱ्हाईक’. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून त्यातलं एक उदाहरण इथे नीट उलगडून लिहितोय. उदाहरण आहे स्लॉट कारच्या टायरचं. एवढासा रबरी टायर, तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. पण साइज आणि क्वालिटी या दोन शब्दांचा धंद्यातला खरा अर्थ समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं सापडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘आमचा माल एक नंबर क्वालिटीचा’ या वाक्याला बाजारात काहीही किंमत नाही. शेजारचाही तेच म्हणतो. क्वालिटी म्हणजे एक आकडा लिहून देणं, आणि दर वेळी माल त्या आकड्यालाच उतरणं. हे ज्याला जमतं तो छोटा असला तरी टिकतो. ज्याला जमत नाही त्याने भाव कितीही पाडला तरी गिऱ्हाईक एकदाच येतं.

आता हे टायरवरून बघू.

स्लॉट कार म्हणजे काय?

ट्रॅकमध्ये एक खाच असते, तिला स्लॉट म्हणतात. गाडीच्या पुढच्या बाजूला खाली एक पातळ पातं असतं, ते त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. त्यातून साधारण 12 व्होल्टचा करंट गाडीतल्या छोट्या मोटरला मिळतो. हातातल्या कंट्रोलरचा खटका दाबाल तशी गाडी पळते. स्टिअरिंग नसतं. वळणावर वेग जास्त झाला की मागचा भाग फेकला जातो आणि गाडी खाचेतून बाहेर पडते. सगळं कसब वेग किती आणि कुठे सोडायचा यात आहे.

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस या उद्योजकाच्या मिनीमॉडेल्स कंपनीने 1957 साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ आणलं. आधी त्यांच्या चावीच्या गाड्या होत्या, नाव स्केलेक्स. त्यात इलेक्ट्रिक मिसळलं आणि नवीन नाव झालं. पुढे तो ब्रँड हॉर्न्बी कंपनीकडे आला. जर्मनीत कॅरेरा, स्पेनमध्ये निन्को, इटलीत स्लॉट.इट आणि एनएसआर अशी नावं पुढे आली. 1960च्या दशकात अमेरिकेत तर तासाच्या भाड्याने ट्रॅकवर गाडी पळवायची दुकानं निघाली होती. ती लाट ओसरली, पण युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात क्लब आजही आहेत. मोठी माणसं, नोकरी-धंदा सांभाळून, संध्याकाळी रेस लावतात.

या गाड्यांचा लोकप्रिय स्केल आहे 1/32, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी गाडी. तिचा मागचा टायर साधारण 18 ते 21 मिलिमीटर व्यासाचा असतो. आपण 20 धरू. 20 गुणिले 32 केलं तर 640 मिलिमीटर होतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चाकाएवढं माप झालं.

या सगळ्या गाडीत ट्रॅकला टेकणारं आणि जोर लावणारं काय असतं? मागचे दोन टायर. मोटर कितीही भारी असू दे, तिची ताकद ट्रॅकवर उतरते ती या दोन रबरी कड्यांमधूनच. त्यामुळे शौकीन माणूस नवीन गाडी घेतो आणि बरेचदा सगळ्यात आधी टायर बदलतो. इथेच छोट्या उत्पादकाला जागा मिळते.

साइज: अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं: ‘अर्धा एमएम इकडे-तिकडे चालतंय की!’ आता बघा काय चालतं ते.

20 मिलिमीटरचा टायर एका फेरीत 62.8 मिलिमीटर अंतर कापतो. 19 मिलिमीटरचा कापतो 59.7. उदाहरणासाठी धरा, मोटर मिनिटाला 20,000 फेरे मारते आणि गिअर 9 दाते आणि 27 दाते असा आहे, म्हणजे तीनास एक. चाक मिनिटाला सुमारे 6,667 फेरे मारेल. 20च्या टायरवर गाडी ताशी 25 किलोमीटरच्या आसपास जाईल. 19च्या टायरवर 24च्याही किंचित खाली. टायर बदलला आणि जणू गिअर बदलला. कुणाला तोच हवा असतो, कुणाला नको असतो. पण जे हवं तेच मिळालं पाहिजे ना?

दुसरी गोष्ट उंचीची. व्यास एक मिलिमीटरने कमी झाला की गाडीचा मागचा भाग अर्धा मिलिमीटर खाली बसतो. प्लॅस्टिक ट्रॅकवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पोटाला लोहचुंबक असतं. ते ट्रॅकमधल्या पट्ट्यांकडे ओढलं जातं आणि गाडी वळणावर चिकटून राहते. चुंबकाची ओढ अंतर कमी झालं की झपाट्याने वाढते. चुंबक आणि पट्टी यांच्यामध्ये जागाच मुळात एखाद-दीड मिलिमीटर असेल, तर त्यातला अर्धा कमी होणं म्हणजे गाडीचा स्वभावच बदलणं. तुमच्या ‘चालतंय की’ने गिऱ्हाईकाची गाडी एकतर ट्रॅकला चिकटून सुस्त होते, नाहीतर पहिल्याच वळणावर उडते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जोडी. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात. खऱ्या मोटारीत डिफरन्शियल असतो, दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. इथे तसं नाही. आता डावा टायर 20 आणि उजवा 19.8 असेल तर? फरक फक्त 0.2 मिलिमीटर, म्हणजे एक टक्का. पण एक मीटर अंतरात एक चाक दुसऱ्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त जायला बघतं. ॲक्सल ते होऊ देत नाही, मग एक टायर घासत जातो. सरळ रस्त्यावरही गाडी एका अंगाला ओढते.

म्हणून माझं म्हणणं असं: साइज लिहिणं म्हणजे गिऱ्हाईकाला शब्द देणं. पाकिटावर 20 लिहिलंत तर आत 20च हवं. आणि दोन टायर पाकिटात घालून विकत असाल तर ते दोघं आधी एकमेकांशी जुळले पाहिजेत. 19.8 आणि 19.8ची जोडी ही 20 आणि 19.8च्या जोडीपेक्षा कितीतरी चांगली.

आणखी एक. टायरला एक नाही, तीन मापं असतात: बाहेरचा व्यास, रुंदी आणि तो ज्या रिमवर बसणार त्या रिमचा व्यास. स्लॉट.इटचं एक नेहमीचं चाक 15.8 बाय 8.2 मिलिमीटरचं येतं, दुसरं 17.3 बाय 8.2चं. 15.8च्या रिमसाठी बनवलेला टायर 17.3वर ताणून चढेल, नाही असं नाही. पण ताणला की रबर पातळ होतं, मधून फुगतं, कडा वर उचलल्या जातात आणि ट्रॅकला टेकणारी पट्टी अरुंद होते. उलट टायर सैल असेल तर वेगात रिमवरच फिरतो. म्हणून जाणकार विक्रेता ‘20चा टायर’ एवढंच लिहून थांबत नाही. कुठल्या रिमवर, किती रुंदी, चढवल्यावर बाहेरून किती, हे तिन्ही लिहितो.

तुमचं प्रॉडक्ट वेगळं असेल. ब्लाउजचं अस्तर असेल, मसाल्याचं पाकीट असेल, स्टीलचं ब्रॅकेट असेल. तिथेही हे तीन प्रश्न आहेतच: वस्तू केवढी आहे, ती कशावर बसणार आहे, आणि बसल्यावर केवढी होणार आहे. आपण बहुतेक वेळा पहिल्याचंच उत्तर देतो आणि थांबतो.

क्वालिटी: आधी विचारा, कुठल्या ट्रॅकवर?

सगळ्यात चांगला टायर कुठला? हा प्रश्नच अर्धवट आहे.

साधं रबर, म्हणजे नैसर्गिक रबर किंवा त्यासारखं कंपाउंड, बहुतेक तयार गाड्यांवर येतं. ते घासून गोल करता येतं, त्याची पकड चांगली असते. पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की कडक होतं, तडकतं. जुन्या गाड्यांची बॉडी शाबूत असते आणि टायर दगड झालेले असतात. त्यामुळे जुन्या मॉडेलसाठी नवीन टायर हीसुद्धा एक स्वतंत्र मागणी आहे.

सिलिकॉन तसं कडक पडत नाही. स्वच्छ, गुळगुळीत ट्रॅकवर त्याची पकड जबरदस्त. पण धूळ त्याची वैरी. धुळीच्या ट्रॅकवर दोन फेऱ्यांत पकड गेली म्हणून समजा, मग चिकटपट्टीवर फिरवून पुसत बसा. शिवाय सिलिकॉन सहज घासलं जात नाही. साच्यातून वाकडं निघालं की वाकडंच राहतं.

युरेथेन थोडं वेगळं. धूळ त्यामानाने सहन करतं, घासून नेमकं गोल करता येतं. जर्मन बाजारात कॅरेराच्या गाड्यांसाठी ऑर्टमानचे युरेथेन टायर लोक आवर्जून घेतात.

आणि चौथा प्रकार स्पंजचा. 1/24च्या मोठ्या गाड्यांवर आणि लाकडी ट्रॅकवर हा चालतो. रिमवर चिकटवायचा, मशीनवर घासून मापात आणायचा. हलका असतो, पण झिजतोही लवकर.

ट्रॅकही सगळे सारखे नाहीत. निन्कोचा प्लॅस्टिक ट्रॅक खरखरीत, तो टायर खातो. स्केलेक्स्ट्रिकचा नवा ट्रॅक त्यामानाने गुळगुळीत. लाकडी ट्रॅकवर रंग असतो आणि पट्टी बरेचदा तांब्याची. तांब्याकडे चुंबक ओढलं जात नाही, म्हणजे तिथे सगळी भिस्त टायरवरच.

आता तुम्हीच सांगा, सगळ्यात चांगला टायर कुठला? स्वच्छ गुळगुळीत ट्रॅकवाल्याला सिलिकॉन, तळघरात धूळ बसणाऱ्या ट्रॅकवाल्याला युरेथेन, क्लबच्या नियमात साधं रबरच लिहिलेलं असेल त्याला साधं रबर. वस्तू चांगली की वाईट हे वस्तूत नसतंच, ती कुठे वापरली जाणार यावर ठरतं.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा पुढच्या टायरमध्ये आहे. पुढची चाकं जोर लावत नाहीत, दिशाही देत नाहीत, दिशा खाचेतलं पातं देतं. पुढच्या टायरला पकड असली तर ती वळणावर उलट अडथळाच करते. म्हणून लोक पुढच्या टायरवर चक्क नेलपॉलिशचा थर देऊन ते गुळगुळीत करतात. आणि कंपन्या पुढच्या चाकांसाठी ‘झिरो ग्रिप’ असं लिहून कडक टायर विकतात. विचार करा! ज्या बाजारात सगळे पकड मागतात, तिथेच पकड नसलेला टायर पैसे देऊन घेतला जातो. ज्याने गिऱ्हाईकाची गाडी नीट बघितली त्यालाच हे सुचलं असणार.

मऊपणाही आकड्यात सांगता येतो. रबरवाले त्याला शोअर हार्डनेस म्हणतात आणि ड्युरोमीटर नावाच्या छोट्या यंत्राने मोजतात. आकडा कमी तितकं रबर मऊ. आपल्या भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्यांना बुश, ग्रोमेट, गॅस्केट पुरवणारे छोटे रबर मोल्डिंगवाले आहेत. त्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, कारण ड्रॉइंगवर तो लिहिलेला असतो आणि आकडा चुकला की लॉट परत येतो. इटलीची स्लॉट.इट कंपनी तर टायरच्या कोडमध्येच कंपाउंडचं नाव घालते. एनएसआरचे सुपरग्रिप, अल्ट्राग्रिप असे वेगवेगळे प्रकार आहेत. गिऱ्हाईक पुढच्या वेळी नुसतं ‘मऊवाला द्या’ म्हणत नाही, नाव घेऊन मागतो. नावावरून परत मागता येणं हीच पुन्हा येणाऱ्या ऑर्डरची सुरुवात.

‘पण सर, हे मोजायचं कसं? मशीन लाखांचं असेल!’

नाही. आणि हा मुद्दा नीट वाचा, कारण ‘भांडवल नाही म्हणून क्वालिटी नाही’ ही सबब मला मान्य नाही.

मऊ टायर व्हर्नियरमध्ये धरला की दाबला जातो आणि माप कमी दाखवतं. दोन माणसांनी मोजलं तर दोन आकडे येतील. मग काय करायचं? टायर रिमवर चढवा, ॲक्सलवर लावा, एका जागी खूण करा आणि सरळ कागदावर न घसरवता दहा फेऱ्या फिरवा. अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. 20चा टायर 628 मिलिमीटर जाईल. 19.8चा 622. व्हर्नियरवर जो 0.2चा फरक हाताच्या दाबात हरवतो, तो इथे 6 मिलिमीटर होऊन डोळ्यांना दिसतो. खर्च किती? एक पट्टी, एक कागद आणि तुमची पाच मिनिटं. दाब मात्र दर वेळी सारखाच ठेवा.

गोल आहे की नाही हे बघायचं असेल तर चाक फिरवा आणि शेजारी एक सुई स्थिर धरा. टायर आणि सुईमधली फट एकसारखी राहिली पाहिजे. चाक मिनिटाला 6,667 फेरे मारतंय, म्हणजे सेकंदाला सुमारे 111. त्यावर एक बारीकसा उंचवटा असेल तर गाडी सेकंदाला 111 वेळा उडी मारते. गिऱ्हाईकाला उंचवटा दिसत नाही, पण गाडी थरथरतेय हे लगेच कळतं.

आणि साचा बनवताना एक गोष्ट: रबर आणि सिलिकॉन साच्यातून निघाल्यावर आकसतं. सिलिकॉन साधारण दोन-तीन टक्के धरा. 20च्या साच्यातून 20चा टायर निघणार नाही, 19.5च्या आसपास निघेल. किती आकसेल हे कंपाउंडवर आणि तापमानावर ठरतं. म्हणून कंपाउंड बदललं, पुरवठादार बदलला, की आधी पाच नग काढून मोजा. ‘तोच साचा आहे, काय फरक पडणार’ असं म्हणून पाचशे काढू नका.

नापास माल की वेगळ्या साइजचा माल?

आता पैशांचं बघू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा एक टायर तुम्हाला 12 रुपयांना पडतो. शंभर काढले, 1,200 रुपये. मोजल्यावर 80 टायर बरोबर 20च्या जवळ निघाले, 15 टायर 19.7च्या आसपास, आणि 5 वाकडे.

पहिला माणूस शंभरच्या शंभर पाकिटात भरतो. हाताला येतील ते दोन एका पाकिटात. पन्नास जोड्या झाल्या. त्यातल्या बऱ्याच जोड्यांत एक 20चा आणि एक 19.7चा. म्हणजे पाकिटं पन्नास विकली, पण नाव खराब करणारी पाकिटंही त्यातच गेली. आणि तुम्हाला माहीतही नाही ती कुठे गेली.

दुसरा माणूस मोजतो. 80 मधून 40 जोड्या ‘20.0’ लिहून. 15 मधून सात जोड्या ‘19.7’ लिहून, खरं तेच लिहून. उरलेला एक पुढच्या बॅचच्या जोडीसाठी बाजूला. 5 वाकडे कात्री लावून फेकले. त्याच्याकडे 47 जोड्या आहेत. तीन जोड्या कमी. पण प्रत्येक पाकिटात जे लिहिलंय तेच आहे. आणि 19.7वाल्या सात जोड्या वाया गेल्या का? अजिबात नाही. ज्याला गाडी थोडी खाली बसवायची आहे तो त्याच शोधत असतो!

व्हिडिओतही मी हेच सांगितलं. बराचसा माल नापास नसतो, तो चुकीचं लेबल लावलेला असतो. मोजलंत आणि खरं लिहिलंत तर तो विकला जातो. तीन जोड्यांचं नुकसान हा तुमच्या नावाचा विमा आहे. जाहिरातीवर याच्यापेक्षा जास्त खर्च करायला आपण एका पायावर तयार असतो.

दोन शंका, दोन्ही रास्त

पहिली शंका: ‘सर, महाराष्ट्रात स्लॉट कार कोण खेळतं? आम्ही टायर विकायचे कुणाला?’

खरंय. घराजवळच्या बाजारात हे चालणार नाही आणि तुम्ही उद्या हाच धंदा टाका असं मी म्हणत नाही. हे गिऱ्हाईक विखुरलेलं आहे, एक इंग्लंडमध्ये, एक ऑस्ट्रेलियात. पण पाकीट हलकं आहे, पोस्टाने जातं. निर्यातीसाठी आयईसी कोड लागतो, तो ऑनलाइन निघतो, आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं छोट्या पार्सलसाठीच आहेत. हे करायचंच असेल तर पाच जोड्या तिथल्या एखाद्या क्लबला पाठवा, मोजून बघायला सांगा, मगच साच्यात पैसे घाला. आणि ‘या गाडीला बसतो’ एवढंच लिहा, दुसऱ्याचा लोगो पाकिटावर छापू नका. भारतात खेळणं म्हणून विकायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा मार्क सक्तीचा आहे. तुमची वस्तू त्यात येते का, हे आधी विचारून घ्या, माल तयार झाल्यावर नको.

दुसरी शंका जास्त खोल आहे: ‘आपलं गिऱ्हाईक भाव बघतं. मोजत बसलो तर महाग पडेल, आणि शेजारचा स्वस्तात विकेल.’

यालाही मी खोटं म्हणणार नाही. काही बाजार तसेच आहेत. जिथे वस्तू एकदा घेतली की पुन्हा त्या माणसाचं तोंड दिसत नाही, तिथे मोजणाऱ्याला मोजण्याचे पैसे मिळत नाहीत. मग माझा सल्ला असा की नव्या माणसाने त्या बाजारात उतरूच नये. तिथे ज्याचं भांडवल मोठं तो जिंकतो, आणि तो तुम्ही नाही. तुम्ही असं काहीतरी निवडा जे झिजतं, संपतं, पुन्हा लागतं. गाडी एकदा घेतली जाते, टायर पुन्हा पुन्हा. जिथे गिऱ्हाईक परत येणार आहे, तिथे त्याला मागच्या वेळचीच वस्तू हवी असते. त्यापेक्षा चांगलीसुद्धा नको असते बरं का! कारण त्याने सगळी गाडी मागच्या टायरवर बसवलेली आहे. तुम्ही ‘सुधारणा’ म्हणून न सांगता रबर मऊ केलंत, तर त्याची सगळी सेटिंग बिघडली. सुधारणा करायची तर नवीन नावाने करा, जुनं तसंच चालू ठेवा.

मोठ्या कंपनीला हे का करता येत नाही? येतं, पण परवडत नाही. तिला हजारो गाड्या एका भावात विकायच्या असतात, टायर त्यातला एक छोटा भाग. चाळीस वर्षं जुन्या मॉडेलसाठी दोनशे टायर काढणं तिच्या हिशोबात बसत नाही. तुमच्या हिशोबात बसू शकतं. लहान असण्याचा हा फायदा आहे. पण मोजमापात ढिलाई केलीत तर तोही गेला, कारण मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘त्यापेक्षा कंपनीचाच बरा.’

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून ‘छान आहे’ म्हणू नका, हे करा:

1. तुमच्या प्रॉडक्टचा एकच आकडा निवडा, जो चुकला तर गिऱ्हाईकाचं काम अडतं. वजन, लांबी, तिखटपणा, डिलिव्हरीचा दिवस, काहीही. एकच.

2. तयार मालातले दहा नग उचला आणि तो आकडा मोजा. न निवडता उचला, चांगले दिसणारे नकोत.

3. दहाही आकडे वहीत लिहा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यातला फरक हीच तुमची आजची क्वालिटी. पाकिटावर काय छापलंय ते बाजूला ठेवा.

4. तो फरक गिऱ्हाईकाला चालतो का, हे त्यालाच विचारा. स्वतः ठरवू नका.

5. चालत नसेल तर आधी वर्गवारी करा, साचा किंवा रेसिपी नंतर बदला. वर्गवारीला पैसे लागत नाहीत.

वही जपून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा दहा नग मोजा. फरक कमी झाला असेल तर तुमचा धंदा पुढे गेला, मग त्या महिन्यात विक्री तेवढीच राहिली असली तरी. वाढला असेल तर विक्री वाढलेली असूनही सावध व्हा, कारण तक्रारी विक्रीच्या मागून दोन महिन्यांनी येतात.

पुढच्या व्हिडिओत याच वहीतल्या आकड्यांवरून भाव कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत मोजा, लिहा आणि लिहिलं तेच पाकिटात घाला.